सुतळीनं शिवलेली उत्तरं

रंभाजी भिंगारदिवेला दूध बघून फॅट सांगता यायचं नाही, पण माणूस बघून त्यानं किती पाणी घातलंय ते सांगता यायचं. तिसगावच्या दूध संस्थेत तो चौदा वर्षं कीर्द लिहीत होता. म्हणजे रोज कुणाकडून काय आलं, कुणाला काय गेलं, त्याची वही. चौदा वर्षांत एक खाडाखोड नाही. अक्षर असं की संस्थेचे चेअरमन आसाराम तात्या आल्यागेल्याला दाखवायचे, "म्हंजी कसंय, रंभाजीची कीर्द वाचायची नस्ती. भितीला लावायची आस्ती."

लोक हसायचे. रंभाजी हसायचा नाही. वाचायची नस्ती म्हणतोय म्हणजे कुणी वाचू नये अशी ह्याची इच्छा असणार, असं तो मनाशी टिपून ठेवायचा.

त्याचे ठरलेले तीन शब्द होते. कुणी काहीही सांगितलं तरी तो आधी मान तिरकी करायचा, डावा डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "आसंल. पन का?" यंदा पाऊस बरा आहे म्हणा: आसंल, पन का? पोरगं झालं म्हणून पेढा द्या: आसंल, पन मला का? एकदा संस्थेत नवीन फॅटचं मशीन आलं. बसवणाऱ्यानं सांगितलं, वर्षभराची गॅरंटी. रंभाजी म्हणाला, "आसंल. पन वर्सभराचीच का?" तो माणूस चहा न घेता गेला.

हे खूळ काही आईच्या पोटातून आलं नव्हतं. बारावीला असताना त्याच्या वडिलांनी परीक्षेचा फॉर्म एका शिकलेल्या, ओळखीच्या माणसाच्या हातात दिला होता. "सायेब, तेवढा भरून टाका." साहेबांनी घडी घालून खिशात ठेवला. खिशातून तो कुठं गेला, कुणाला कळलं नाही. हॉलतिकिटं वाटली तेव्हा वर्गात सगळ्यांची आली, रंभाजीचं आलं नाही. "ऱ्हायलं आसंल," साहेब म्हणाले. मास्तर म्हणाले, ऱ्हायलं आसंल. बौद्धवाड्यातली म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली, ऱ्हायलं आसंल, बाबा. एकट्या रंभाजीनं विचारलं, "आसंल. पन माजंच का?"

त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. तेव्हापासून पावती घेतल्याशिवाय त्यानं हातातला कागद सोडला नाही.

तर शहाण्णव सालच्या जूनमध्ये आसाराम तात्यांनी त्याला आत बोलावलं. संस्थेचे जुने सेक्रेटरी भिमाजी अण्णा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं सगळं काम रंभाजीच बघायचा. पण कागदावर तो होता तिथंच होता: हंगामी लेखनिक. चौदा वर्षांचा हंगाम.

"म्हंजी कसंय, रंभाजी," तात्या पानाला चुना लावत म्हणाले, "वरून कागद आलाय. शेक्रेटरी कायम करायचा आसंल तर त्याला हिशोबाचं मान्यतेचं शिक्षन पायजे. एका वर्साची मुदत."

"आन न्हाई केलं तर?"

"न्हाई केलं तर मंग दुसरा बघावा लागंल. आमच्या साडूचा राम हायेच की. बीकॉम झालाय, घरीच आस्तोय."

एवढं बोलून तात्यांनी खण उघडला आणि एक फॉर्म पुढं सरकवला. मुक्त विद्यापीठाचा, हिशेबाच्या अभ्यासक्रमाचा. वरच्या ओळीत नाव आधीच लिहिलेलं: भिंगारदिवे रंभाजी किसन. नाव रंभाजीचं, अक्षर रंभाजीचं नव्हे.

रंभाजीची मान तिरकी झाली. "आसंल. पन तुमी का आनला?"

"आरं, नगरला गेल्तो. तितं वाटत हुते."

घरी येऊन त्यानं छबूबाईला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. छबूबाई भाकरी थापत होती. "साडूचा पोरगा बसवायचा आन फॉर्म मला आनून द्यायचा. वाघानं शेळीला निवद आनून दिल्यावानी हाय हे. फुकट वाटत हुते म्हनं!"

"मंग घ्यायचा की. इकत आनला आस्ता तरी तुमी हेच म्हन्ला आस्ता."

"नाव लिवलंय त्यावर. आदीच."

"तुमचंच लिवलंय ना? का माजं लिवलंय?"

रंभाजीनं तो फॉर्म जपून ट्रंकेत ठेवला, पुरावा म्हणून. मग एसटीनं पाथर्डीला जाऊन कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रातून स्वतः नवा फॉर्म आणला, स्वतः भरला, आणि दिल्याची पोच मागितली. खिडकीतला माणूस म्हणाला, फॉर्मची पोच देत नाहीत. रंभाजी बाजूला उभा राहिला. तासाभरानं खिडकीतल्या माणसानं जेवणाचा डबा उघडला तरी रंभाजी उभाच. शेवटी त्या माणसानं झेरॉक्सवर शिक्का मारून दिला आणि हात जोडले.

फॉर्मबरोबर माहितीची पुस्तिका होती. ती त्यानं छबूबाईला मोठ्यानं वाचून दाखवली, साक्षीदार असावा म्हणून.

"'आपल्या घरी, आपल्या सोयीने, आपल्या गतीने शिका.' ऐक. वर्ग न्हाई, घंटा न्हाई, मास्तर न्हाई."

"ब्येस हाय की."

"ब्येस हाय म्हनूनच इच्चारतोय. कोन कुनाला त्याच्या सोयीनं शिकवतं? आपल्याला शाळेत कवा सोय इच्चारली हुती का कुनी? पुढं ऐक. 'यशस्वी विद्यार्थ्यास सहा श्रेयांक मिळतील व ते पुढील पदवीसाठी जमा राहतील.' जमा राहतील. कुटं? पासबुक कोन देनार?"

"श्रेयांक म्हंजी काय आस्तं?"

"त्येच तर कळंना. दिसत न्हाई, वजन न्हाई, आन म्हनं जमा."

ऑगस्टात पुस्तकांचं पार्सल आलं. तिसगावचा पोस्टमन गोरक्षनाथ पत्ता असा वाचायचा की एसटी स्टँडवर बसच लागली. "भिंगारदिवेऽऽ रंभाजी किसन, मुक्काम पोष्ट तिसगाव, तालुका पाथर्डीऽऽ, रजिस्टर पार्सल, सही कराऽऽ!"

"आदी फोडतो, मंग सही."

"भाऊ, आदी सही, मंग फोडा. कायदा हाय."

"आसंल. पन आत विटा निगाल्या मंग?"

"इटा कोन धाडील तुमाला, रजिष्टरनं?"

"तेच तर. कोन धाडील?"

संस्थेच्या ओट्यावर अर्धा तास हेच चाललं. दूध घालायला आलेले लोक कॅन खाली ठेवून ऐकत बसले. शेवटी तोडगा निघाला. पार्सल संस्थेच्या काट्यावर ठेवलं. दोन दूधवाल्यांनी पंच म्हणून बघितलं. एक किलो शंभर ग्रॅम. रंभाजीनं सहीशेजारी लिहिलं, 'वजन १.१०० किलो, आतील माल पाहिला नाही.' गोरक्षनाथ पुढं महिनाभर गावात हे वाक्य गाऊन दाखवत होता.

आत विटा नव्हत्या. एक जाड पुस्तक, गृहपाठाच्या चार वह्या आणि एक पत्र होतं. पत्रात लिहिलं होतं, गृहपाठ जमेल तसे पाठवा, अडचण आली तर रविवारी केंद्रावर या. दुपारी अकरा ते चार, सकाळचं आणि संध्याकाळचं दूध यांच्या मधल्या वेळात, संस्थेच्या रिकाम्या खोलीत अभ्यास करायचा असं त्यानं ठरवलं. पुस्तक पुढून मागं चाळलं आणि शेवटच्या चाळीस पानांपाशी आला तसा त्याचा डावा डोळा मिटतच गेला.

प्रत्येक पाठाच्या शेवटी 'स्वतःला तपासा' म्हणून प्रश्न होते. आणि पुस्तकाच्या मागं त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं छापलेली होती. उघड. सोडवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला आणि पोती शिवायचं दाभण शोधायला लागला.

"आता काय शिवताय?" छबूबाईनं विचारलं.

"पुस्तक."

"फाटलं का? काल तर आलं."

"फाटलं न्हाई. हे बघ. प्रश्न पुढं, उत्तरं मागं, एकाच पुस्तकात. चोराच्या हातात कुलूपबी दिलं आन किल्लीबी. का? मानूस पारखायला. मी मागं बघितलं का न्हाई, त्यांना कळनार."

"इतं बसून? कसं कळंल?"

"कायतरी लावलं आसंल पानांना. लाच खानाऱ्याला धरायला नोटांना पावडर लावत्यात तशी. हात धुतला की लाल."

छबूबाईनं पिठाचा हात कमरेवर ठेवला. "आवं, सहीच्या जागी मापं लिवनारा मानूस तुमी. तुमाला पकडायला सरकार पावडर आननार व्हय?"

पण रंभाजीनं ऐकलं नाही. दाभण आणि सुतळी घेऊन त्यानं ती चाळीस पानं तिन्ही बाजूंनी शिवून टाकली, पेंडीच्या पोत्याचं तोंड शिवतात तशी, आणि शेवटच्या गाठीवर संस्थेच्या शिक्क्याची लाख ओतली. आता कुणी काही म्हणायची सोय नव्हती.

मग अभ्यास सुरू झाला, आणि तिसऱ्याच दिवशी त्याला चोर सापडला.

गोष्ट अशी की तिसगावची संस्था असो, पाथर्डीचं भुसार दुकान असो, नाहीतर देवळाची वर्गणी असो, आपल्याकडं कीर्दीत जमा डावीकडं लिहितात आणि नावे उजवीकडं. आलेलं डावीकडं, गेलेलं उजवीकडं. भिमाजी अण्णा असंच लिहायचे, त्यांचे गुरूही असंच. रंभाजीच्या हाताला चौदा वर्षं तेच वळण. आणि ह्या पुस्तकात पहिल्याच खात्यात डावीकडं छापलं होतं 'नावे' आणि उजवीकडं 'जमा'.

रंभाजीनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

"सापडलं," तो छबूबाईला म्हणाला. इतका आनंद त्याला लग्नात झाला नव्हता. "पुस्तकच उलटं छापलंय. एक तर छापखान्याचा घोळ, न्हाईतर मुद्दाम. बघू या म्हन्ले, हा बावळट डोळे मिटून उतरून घेतो का सुधारतो."

"आवं, शिकलेल्या लोकांनी छापलंय ते."

"शिकलेल्या मानसानंच माजा फॉर्म खिशात घातला हुता."

रंभाजीनं लाल पेन आणलं आणि पुस्तक तपासायला घेतलं. जिथं नावे तिथं जमा केलं, जिथं जमा तिथं नावे. एकशे सदतीस ठिकाणी. प्रत्येक दुरुस्तीशेजारी बारीक सही. मास्तर विद्यार्थ्याची वही तपासतो तसं त्यानं विद्यापीठाचं पुस्तक तपासून काढलं.

आणि बेरजा जुळायच्या! दोन्ही बाजू उलट केल्या तर जुळणारच, पण रंभाजीला वाटायचं, बघा, पैला पै लागतेय, म्हणजे आपलंच खरं. पहिल्या पाठाच्या शेवटी सातवा प्रश्न होता: 'कीर्द व या पुस्तकातील खाती यांच्या बाजूंमध्ये कोणता फरक दिसतो? का?' रंभाजीनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'फरक दिसतो. तो छापखान्याच्या चुकीमुळे पडलेला आहे.'

गृहपाठ मात्र त्यानं पोस्टानं पाठवले नाहीत. गोरक्षनाथ सायकल टेकवून विचारायचा, "भाऊऽऽ, काय जायाचं हाय का?"

"आसंल. पन तुला का पायजे?"

"मला न्हाई ओ पायजे, सरकारला पायजे!"

हातचा कागद, हातचं अक्षर, कुणाच्या पिशवीत पडणार आणि कुठल्या खिशात जाणार! चारही वह्या पुऱ्या करून एकदम, स्वतः, हातोहात द्यायच्या आणि पोच घ्यायची, असा त्याचा बेत होता. जमेल तसे पाठवा, असं त्यांनीच तर लिहिलं होतं.

इकडं आसाराम तात्या दर आठ दिवसाला विचारायचे, "म्हंजी कसंय, कुटवर आलं?" आणि रंभाजी म्हणायचा, "चाललंय." ह्याला कशाला पायजे कुठवर आलं? माघ महिन्यात एका सकाळी तो संस्थेत आला तर त्याच्या खुर्चीवर साडूचा राम बसलेला. नुसता बसलेला नव्हे, मागं रेलून, पुढं वाकून, खुर्ची आपल्याला होतीय का ते बघत होता.

"आलो हुतो सहज," राम उठत म्हणाला.

"आसंल," रंभाजी म्हणाला. पुढचे दोन शब्द त्याला विचारावेच लागले नाहीत. त्या दिवसापासून त्यानं दुपारचा चहा सोडला आणि तोही वेळ अभ्यासाला लावला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वह्या आणि ते पुस्तक दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून तो पाथर्डीला गेला. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. केंद्रावर जयमाला मॅडम नावाच्या बाई हिशेब शिकवायच्या. चष्मा, सुती साडी, बोलणं तोडून तोडून, प्रत्येक शब्द वेगळा इस्त्री केलेला.

"भिंगारदिवे? तुम्ही आहात होय! वर्षभर मी हजेरीत तुमचं नाव वाचतेय. एकही गृहपाठ नाही, एकही रविवार नाही."

"घरी, सोयीनं म्हन्ला हुता तुमी."

"हो, पण मध्ये एखादा पाठवायचा असतो ना. आणा."

मॅडमनी पहिली वही उघडली. "अहो, काय अक्षर आहे!" दुसरं पान उलटलं. मग तिसरं. मग पहिल्यावर परत आल्या. मग दुसरी वही काढली. रंभाजी त्यांचा चेहरा वाचत होता, आणि त्याला वाटलं, बाई घाबरली. आपण चूक पकडलीय हे हिच्या ध्यानात आलं.

"भिंगारदिवे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे सगळं उलटं आहे."

"उलटं तुमचं हाय. मी सरळ केलंय." त्यानं पुस्तक काढून लाल पानं पुढं केली. "एकशे सदोतीस चुका. मोजल्यात."

मॅडम पुस्तक बघत राहिल्या. त्यांचं तोंड हसण्याच्या बेतात आलं आणि परत मिटलं. "तुम्ही दूध संस्थेत कीर्द लिहिता का?"

रंभाजी सावध झाला. "तुमाला कुनी सांगितलं? तुमचं म्हायेर कुटलं?"

"माझं माहेर? शेवगाव. का?"

"आसाराम तात्यांचं काय नातं लागतं तुमाला?"

"कोण आसाराम?"

"आसंल," रंभाजी म्हणाला.

"अहो, तुमचं कीर्दीत बरोबरच आहे. तिथं जमा डावीकडे. पण ही पद्धत वेगळी, इथं नावे डावीकडे. दोन घरं, दोन रीती. पहिल्या पाठाचा सातवा प्रश्न त्याचसाठी घातलाय. त्याचं उत्तर मागं दिलंय, ते नाही पाहिलंत?" असं म्हणून मॅडमनी पुस्तक उलटं केलं, आणि सुतळी बघून त्यांचा हात थबकला. "हे... हे काय आहे?"

"उत्तरं हायेत. शिवलीत."

"का?"

आयुष्यात पहिल्यांदा रंभाजीला कुणीतरी त्याचाच शब्द विचारला होता. तो पावडरीचं सांगायला लागला, पण ते मोठ्यानं बोलल्यावर त्यालाच कसंतरी वाटलं. मॅडमनी कात्री पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. स्वतःच खाली मान घालून एकेक टाका उसवायला लागला. टाके पक्के होते, पाच-सात मिनिटं गेली. लाखेचे तुकडे मॅडमच्या टेबलावर पडले. सुतळी त्यानं गुंडाळून खिशात ठेवली आणि सातवं उत्तर काढलं.

'सहकारी संस्था, पतपेढी किंवा दुकानात कीर्द लिहिण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास सूचना,' असं तिथं लिहिलं होतं. 'कीर्दीत जमा डावीकडे व नावे उजवीकडे असते. या पुस्तकात त्याच्या उलट आहे. ही छपाईची चूक नव्हे.'

ही छपाईची चूक नव्हे. त्यानं ते तीनदा वाचलं. नऊ महिने हे वाक्य त्याच्याच हाताखाली, त्यानंच शिवलेल्या पोत्यात, त्याची वाट बघत बसलं होतं.

"ह्यांना माजं कसं कळलं?" तो पुटपुटला. "माजंच का लिवलं?"

"तुमचंच नाही हो. दरवर्षी माझ्याकडे दहा-बारा जण असेच येतात. कीर्दवाले सगळे. पहिल्या गृहपाठात चुकतात, मी लाल शेरा मारते, दुसऱ्यात सुधारतात." मॅडमना शेवटी हसू आवरलं नाही. "फक्त पुस्तकावर लाल शेरे मारणारे तुम्ही पहिले."

रंभाजी हसला नाही. पण मान सरळ होती. "धा-बारा?" त्यानं विचारलं. "दर वर्साला?"

"दरवर्षी."

एवढं ऐकून त्यानं चारही वह्या एकावर एक नीट रचल्या. मग विचारलं, "पंदरा दिवसांत व्हईल?"

"डोक्यानं होईल. हाताचं मला माहीत नाही. या वह्या पुन्हा नव्यानं लिहून आठ दिवसांत द्या. आणि पोस्टानं पाठवू नका, तुम्हाला झोप लागायची नाही."

हाताचंच अवघड होतं. दुपारी पुस्तकाप्रमाणं नावे डावीकडं, आणि सकाळ-संध्याकाळ संस्थेत जमा डावीकडं. उजव्या हातानं जेवणाऱ्याला मधूनच डावा घास घ्यायला लावावं तसं झालं. एका संध्याकाळी कीर्दीत नावाची रक्कम जमेत पडली. चौदा वर्षांतली पहिली खाडाखोड. रंभाजीनं ती एका रेघेनं कापली, सही केली आणि पानाकडं बघत बसला. आठ दिवसांनी मॅडमना वह्या दिल्या, तेव्हा तिसऱ्या वहीतही दोन ठिकाणी हात घसरलेला होता.

"आवं, बांधा की कायतरी," छबूबाई म्हणाली. "बैलाला कळत न्हाई डावं-उजवं तवा कासरा वढत्यात."

त्यातून ती युक्ती निघाली. पुस्तक शिवलेली सुतळी त्यानं डाव्या मनगटाला करकचून बांधली. सुतळी तिकडं नावे. बस. आठवायचं नाही, मनगट बघायचं. अभ्यासाला बसताना बांधायची, संस्थेच्या कीर्दीला बसताना सोडायची. मग हात घसरायचा थांबला.

परीक्षा नगरला होती. हॉलमध्ये टायवाल्यापासून टोपीवाल्यापर्यंत सगळ्या वयाची माणसं बाकांवर गुडघे अडकवून बसली होती. पहिला तास नीट गेला. मग तपासणीचे लोक आत आले. एक जाडे साहेब बाकांमधून चालत आले आणि रंभाजीपाशी थांबले.

"काय बांधलंय हाताला?"

"सुतळी."

"ते दिसतंय. का?"

"डावा हात कळावा म्हनून."

हॉलमध्ये खसखस पिकली. "इतके मोठे झालात, तुम्हाला डावा हात कळत नाही?"

"मला कळतोय, सायेब. माज्या हाताला कळत न्हाई."

साहेबांनी सुतळी सोडायला लावली. उजेडात धरली. पीळ उलगडून बघितला, नखानं खरवडली, वाससुद्धा घेतला. डावा डोळा बारीक करून रंभाजीकडं बघितलं. ती नजर रंभाजीनं बरोबर ओळखली. ती त्याचीच होती, फक्त बाहेरून कधी बघितली नव्हती.

"जप्त," साहेब म्हणाले, आणि सुतळी खिशात घातली.

रंभाजीचं तोंड पावतीसाठी उघडलं. घड्याळात सव्वा तास राहिला होता आणि सगळ्यात मोठा प्रश्न पुढं होता. त्यानं तोंड मिटलं. माल गेला, पावती नाही, आणि तो खाली मान घालून लिहायला लागला. खाली बघितलं तर मनगटावर सुतळीचा वळ उठलेला होता, लालभडक, गोल. तो काही कुणाला जप्त करता येण्यासारखा नव्हता. वळ तिकडं नावे.

मुदत जूनमध्ये संपली. निकालाचा पत्ता नाही. संचालकांच्या मीटिंगमध्ये रामचा विषय निघाला, तर आसाराम तात्यांनीच तो पुढच्या महिन्यावर ढकलला. जुलैतही ढकलला. रंभाजीला झोप येईना. हा साडूच्या पोराला थांबवतोय? का?

ऑगस्टात गोरक्षनाथ आला. "भिंगारदिवेऽऽ रंभाजी किसन! विद्यापीठऽऽ!" रंभाजीनं ह्या वेळी वजन केलं नाही. उत्तीर्ण. श्रेणी ब. श्रेयांक सहा. त्यानं ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी पाथर्डीला जाऊन मॅडमकडून खरं आहे ना याची खात्री करून आला. मॅडम म्हणाल्या, मी वाटच बघत होते, कधी येताय तपासायला.

निकाल तात्यांपुढं ठेवून रंभाजी उभा राहिला. तात्यांनी वाचला, मान हलवली, सेक्रेटरीच्या नेमणुकीचा कागद खणातून काढला. टाईप करून तयारच होता.

"तात्या, येक इच्चारू? तुमी का थांबलात? राम तर हुताच."

तात्यांनी पान तोंडात सारलं. "म्हंजी कसंय, राम गुनी पोरगा हाय. मी बोट ठिवीन तितं सही करनार, न वाचता. उद्या मी न्हाई, मंग दुसरा बोट ठिवील. तितंबी सही. दोनशे घरांचं दूध येतं आपल्याकडं. तू चौदा वर्सात माज्या येका तरी कागदावर न इच्चारता सही केली का?"

"न्हाई."

"मला लई राग यायचा तुजा. आजूनबी येतो. पन रात्री झोप लागती."

रंभाजीची मान तिरकी झाली. हे गोड होतं, आणि खरंही वाटत होतं, आणि म्हणूनच त्याला पुढचं विचारल्याशिवाय राहवेना.

"आसंल. पन मंग चौदा वर्सं हंगामी का ठिवला मला?"

"म्हंजी कसंय..." तात्या म्हणाले.

रंभाजी थांबला. फॅटच्या मशीनची घरघर बंद झाली, बाहेर कॅन आपटले, कुणीतरी कुणाला हाक मारली. तात्यांनी चुन्याची डबी उघडली, बंद केली.

रंभाजीनं कागद उचलला. नाव बघितलं, तारीख बघितली, 'कायम' हा शब्द बघितला. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यानं ती उजेडाला धरून पुन्हा एकदा पाहिली, आणि मग म्हणाला,

"येक झेरॉक्स लागंल, तात्या. पोच म्हनून शिक्का मारून."